गुणपत्रिकेवरचे नाव

परीक्षेचा निकाल लागला की आपण गुणपत्रिका हातात घेतो आणि डोळे थेट गुणांच्या रकान्याकडे वळतात. किती मिळाले, कशात राहिले, वर्ग कोणता आला, एवढेच आपण पाहतो. त्याच कागदाच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत एक नाव छापलेले असते : स्वामी रामानंद तीर्थ. प्रवेशाच्या अर्जावर, शिष्यवृत्तीच्या कागदावर आपण हे नाव कितीदा तरी लिहितो. पण लिहिताना आपल्या मनात विद्यापीठ असते, माणूस नसतो. मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आमच्यासारख्यांच्या गुणपत्रिकेवर ज्यांचे नाव आहे ते गृहस्थ होते तरी कोण, आणि त्यांचेच नाव का, हे जाणून घ्यावे असे वाटले. ग्रंथालयातील पुस्तके चाळली, गावातील वडीलधाऱ्यांजवळ बसले. त्यातून जे उमजले ते येथे मांडत आहे.

स्वामीजींचे चरित्र कळण्यासाठी आधी आपला मुलूख तेव्हा कसा होता ते पाहिले पाहिजे. आखाडा बाळापूर हे आज कळमनुरी तालुक्यातील गजबजलेले गाव आहे. हिंगोलीहून नांदेडला जाणारा रस्ता गावातून जातो. आसपासच्या खेड्यांतले लोक सोयाबीन, हळद, तूर घेऊन येथे येतात आणि बी-बियाणे, कापडचोपड, मुलांच्या वह्या घेऊन परततात. पण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याआधी हिंगोली आणि कळमनुरी हे परभणी जिल्ह्यातले तालुके. संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यांत आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे म्हणजे आपला मराठवाडा. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागे आणि तिथे इंग्रजी अंमल असे. अलीकडे हाली शिक्का चाले, पलीकडे कलदार रुपया. एका नदीच्या दोन तीरांवर दोन राज्ये होती.

या संस्थानात कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि तिथे सारे शिक्षण उर्दूतून दिले जाऊ लागले. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु घरात मराठी, तेलुगू किंवा कानडी बोलणाऱ्या कुणब्याच्या पोराला त्याचा काय उपयोग? त्याला आधी परकी भाषा शिकावी लागे, मग विषय. स्वतःच्या भाषेतून शाळा काढायची तर १९२४ पासून खाजगी शाळांनाही सरकारची परवानगी लागू लागली. सभा भरवायची तर 'गश्ती निशान ५३' आडवे येई. संस्थानात शंभरात दहा माणसेदेखील साक्षर नव्हती. बायकांची तर गोष्टच सोडा.

हे सारे पुस्तकात वाचले तेव्हा मला आमच्या घरातली लोखंडी पेटी आठवली. तिच्या तळाशी पणजोबांच्या वेळचा एक कागद आहे. तो उर्दूत आहे आणि खाली अंगठा उठवलेला आहे. पणजोबांना मराठीही वाचता येत नव्हते, मग उर्दू कुठून येणार? आजोबा शाळेत गेले नाहीत. वडील चौथीपर्यंत शिकले आणि मग साल धरून राहिले. त्यामुळे तीन पिढ्या तो कागद आमच्या घरात आहे आणि त्यात काय लिहिले आहे ते कोणालाच ठाऊक नव्हते. दिवाळीला पेटी साफ करताना आई तो फडक्याने पुसते आणि पुन्हा घडी घालून ठेवते. या कागदाकडे मी पुढे येणारच आहे.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. म्हणजे ज्यांना मराठवाड्याने आपले मानले ते जन्मले कानडी मुलखात. सोलापूरला शिकत असताना १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. व्यंकटेश तेव्हा सतरा वर्षांचाही नव्हता. आपण लग्न करायचे नाही आणि देशाचेच काम करायचे, असा निश्चय त्याने त्या वेळी केला. या वयात आपल्यापैकी बहुतेकांना बारावीनंतर काय, याचेही उत्तर सापडलेले नसते. असे निश्चय पुष्कळजण करतात आणि चार महिन्यांत विसरतात. व्यंकटेशने तो जन्मभर पाळला.

असहकाराच्या चळवळीत त्याने सरकारी शाळा सोडली. शाळा सोडली, शिक्षण सोडले नाही. अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात राहून त्याने अभ्यास पुरा केला आणि एम. ए. साठी लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहिला. पुढे कामगार पुढारी ना. म. जोशी यांचा सहायक म्हणून त्याने काम केले. गिरणीतल्या माणसाचे जिणे कसे असते ते तिथे जवळून पाहिले. पण मध्येच प्रकृतीने दगा दिला. गंभीर आजारातून उठल्यावर मोठ्या शहरात परत न जाता व्यंकटेशराव एका खेड्यात आले. त्या खेड्याचे नाव हिप्परगा.

हिप्परगा हे उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात आहे. तिथे १९२१ मध्ये व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली होती. एका आडवळणाच्या गावात, निजामाच्या राज्यात, मराठीतून शिकवणारी शाळा! १९२९ मध्ये व्यंकटेशराव तिचे मुख्याध्यापक झाले. एम. ए. झालेला, दिल्ली-मुंबई पाहिलेला माणूस हिप्परग्याच्या मुलांना शिकवू लागला. तिथेच त्यांनी स्वामी रामतीर्थांच्या परंपरेत संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेतला की माणूस हिमालयात जातो, मठ बांधतो, अशी आपली समजूत असते. स्वामीजी संन्यास घेऊन दुसऱ्या दिवशी वर्गावर जाणारे संन्यासी होते. मला त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पुढे त्यांनी संस्थानाशी झुंज दिली, तुरुंग भोगले, लोकसभेत बसले. त्या सगळ्याआधी ते खेड्यातले मास्तर होते आणि मनाने शेवटपर्यंत मास्तरच राहिले.

१९३५ मध्ये स्वामीजी आणि त्यांचे जिवाभावाचे सहकारी बाबासाहेब परांजपे अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालयात आले. स्वामीजींच्या हाताखाली शिकलेली मुले पुढे गावोगाव चळवळीत उतरली. शाळेने माणसे तयार केली आणि माणसांनी चळवळ उभी केली. आधी झेंडा आणि मग शाळा असा हा क्रम नव्हता.

१९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. मराठवाड्यातील लोकांनी एकत्र येऊन आपल्या अडचणी मांडाव्यात, असा तिचा साधा हेतू होता. स्वामीजी या कामात पडले आणि १९३८ मध्ये शाळेचा निरोप घेऊन पूर्णवेळ चळवळीत आले. त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायची होती. पण संघटना रीतसर जन्माला येण्यापूर्वीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. नावातला काँग्रेस हा शब्दच सरकारला खुपत होता. २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच सुमारास उस्मानियाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हटले म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. ते स्वामीजींना गुरुस्थानी मानत. एका प्रार्थनेपायी शिक्षण पणाला लावणारे ते विद्यार्थी आपल्याच वयाचे होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९४० मध्ये स्वामीजींनी वैयक्तिक सत्याग्रह केला आणि पुन्हा तुरुंगात गेले. १९४२ च्या आंदोलनात तिसऱ्यांदा. बंदी उठली ती १९४६ मध्ये. आठ वर्षे एक संघटना कागदावर नव्हती, पण गावागावांत होती. याचे श्रेय स्वामीजींइतकेच गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू, बाबासाहेब परांजपे, अनंत भालेराव यांसारख्या सहकाऱ्यांना आणि भाकरी बांधून देणाऱ्या असंख्य अनाम घरांना आहे.

१९४७ साल उजाडले. इंग्रज जाणार हे ठरले आणि जूनमध्ये निजामाने आपण भारतात सामील होणार नाही, स्वतंत्र राहणार, असे जाहीर केले. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला भारतात विलीन होण्याच्या मागणीचा दिवस पाळला. १५ ऑगस्टला स्वामीजींनी हैदराबादेत तिरंगा फडकावला आणि त्यांना अटक झाली. सारा देश स्वतंत्र झाला त्या दिवशी आपला नेता कोठडीत होता आणि आपला मुलूख पारतंत्र्यात. नोव्हेंबरअखेर ते सुटले, पण जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा पकडले गेले आणि शेवटपर्यंत आतच राहिले.

याच काळात लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी खेड्यापाड्यांत धुमाकूळ घातला. जुनी माणसे त्या दिवसांना अजून रझाकारी म्हणतात. माझी आजी तिच्या आईकडून ऐकलेले सांगायची. संध्याकाळी चूल पेटवायची नाही, धूर दिसतो म्हणून. दागिने शेतातल्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीखाली पुरायचे. (आमच्याकडे शेतावरच्या गोठ्याला आखाडा म्हणतात.) फारच भीती वाटली तर रात्री पैनगंगा उतरून वऱ्हाडात जायचे. नदीपलीकडे उमरखेडला स्टेट काँग्रेसचे शिबिर होते. सरहद्दीवरच्या अशा शिबिरांतून तरुण हत्यारे घेऊन परत येत. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरीच्या बँकेवर छापा घालून चळवळीसाठी पैसा उभा केला गेला. त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली, हा केवढा योगायोग! वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते वापटीचे हुतात्मा बहिर्जी शिंदे याच लढ्यातले. जालन्याकडच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके बाई असून हत्यार घेऊन उभ्या राहिल्या. स्वामीजी गांधीमार्गाचे. तरी त्यांच्याच चळवळीच्या एका हातात बंदूक आली. समोर रझाकार उभे असताना खेड्यातल्या माणसाने काय करावे, हा प्रश्न सोपा नव्हता आणि आज ग्रंथालयात बसून त्याचा निकाल लावणेही बरे नव्हे.

एक गोष्ट मात्र आपण नीट समजून घेतली पाहिजे. हा लढा एका राजवटीशी होता, एका धर्माशी नव्हता. 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन व्हावे असे लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हैदराबादेत हत्या झाली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि स्वामीजींची सुटका झाली. आनंदीआनंद झाला. पण त्या दिवसांत मराठवाड्यात अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांवरही आघात झाले. १७ सप्टेंबरचे झेंडावंदन करताना ती दुःखेही आपल्या स्मरणात असावीत.

आमच्या पेटीतला तो कागद मला वाचून दाखवला तो गावातल्याच एका वृद्ध चाचांनी. चष्मा पुसून, बोट फिरवत त्यांनी एकेक शब्द लावला. कागद कर्जाचा निघाला. पणजोबांनी बैलासाठी चाळीस रुपये हाली घेतले होते आणि फिटेपर्यंत शेताचा एक तुकडा सावकाराकडे लावून दिला होता. मग चाचांनी कागद उलटला. पाठीमागे दोन ओळी होत्या आणि फसली सनातली तारीख होती. पैसे पुरे पोचल्याची ती नोंद होती. कर्ज फिटले नाही म्हणून शेत गेले, असेच आमच्या घरात आजवर सगळे धरून चालले होते. कर्ज फिटले होते. पावती घरातच होती. ती वाचणारे माणूस घरात नव्हते.

वडिलांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आता त्या शेताचे काही होणे नाही. मधे इतके खरेदीखत झाले आहेत की कोणाकडे काय मागायचे? पण हिप्परग्याची शाळा कशासाठी होती, हे मला त्या दिवशी कळले. स्वामीजींना आणि त्यांच्या साथीदारांना मुलांच्या भाषेतली शाळा का हवी होती आणि राज्यकर्त्यांना तिच्यावर परवानगीचे कुलूप का हवे होते, तेही कळले.

संस्थान मुक्त झाल्यावर स्वामीजींना वाटेल ते पद घेता आले असते. त्यांनी मंत्रिपदाची खुर्ची धरली नाही. १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून ते लोकसभेवर निवडून गेले. जहागिऱ्या १९४९ मध्ये गेल्या, १९५० मध्ये कूळ कायदा आला. जमीन कसणाऱ्याला मिळावी, असा स्वामीजींचा आग्रह होता आणि त्यापायी पक्षातल्या बड्या लोकांशी त्यांचे जमले नाही. आणखी एक मोठी गोष्ट त्यांनी केली. ज्या हैदराबादसाठी जन्म वेचला ते राज्य भाषेप्रमाणे विभागून टाकावे, असे त्यांनी ठामपणे मांडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तसेच झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. आपण ज्या राज्याचे पुढारी आहोत तेच राज्य मिटावे म्हणून झटणारा पुढारी विरळाच.

त्यांचा जीव गुंतला होता तो शिक्षणात. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले ते त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झालेल्या संस्थेमार्फत. तोवर नांदेड-परभणीच्या पोराला कॉलेज शिकायचे तर हैदराबाद किंवा औरंगाबाद गाठावे लागे. पुढे १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले, हळूहळू तालुक्याच्या गावी महाविद्यालये आली आणि अखेर बाळापूरसारख्या बाजारगावातही आले. स्वामीजींनी २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत देह ठेवला. ना घर, ना शेत, ना वारस. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला त्यांचे नाव दिले गेले. एका मास्तराचे नाव विद्यापीठाला मिळाले, यात मला मोठे औचित्य दिसते.

आज आपल्या वर्गात पाहा. कोणाचे वडील सालगडी, कोणाची आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. इसापूर धरणाच्या कालव्याने काहींच्या शेतात पाणी आले, हळदीने काहींची घरे पक्की झाली. तरीही हळद काढण्याच्या आणि शिजवण्याच्या दिवसांत आपले बाक रिकामे असतात, हे प्राध्यापकांना ठाऊक आहे. माझ्याबरोबर दहावीला असलेल्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक सासरी गेल्या. त्यांच्यापैकी एक परवा बाजारात भेटली. कडेवर मूल होते. तिने मला बँकेचा एक कागद दाखवून त्यात काय आहे ते विचारले. तिला वाचता येत होते, पण दहावीपर्यंतच्या वाचनाला ती भाषा उमगत नव्हती. मी वाचून सांगितले. निजाम गेला, उर्दू गेली, कागद मराठीत आले, तरी ते वाचून समजेल इतके शिकणे अजून सगळ्यांच्या वाट्याला आलेले नाही.

मला स्वतःलाही या उन्हाळ्यात एक सामना करायचा आहे. घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू आहेत. एक वर्ष थांबा, पदवी पुरी होऊ द्या, असे मी सांगितले आहे. कागदाच्या पाठीवरच्या त्या दोन ओळी कळल्यापासून वडील माझ्या बाजूने बोलू लागले आहेत. बाकीच्यांचे अजून ठरत नाही.

थोर पुरुषांना हार घालणे सोपे असते. १७ सप्टेंबरला सकाळी झेंडा चढतो, त्या वेळी शिवारात सोयाबीन शेंगांवर आलेले असते आणि सगळ्यांना घरी जायची घाई असते. तेवढ्या घाईतही हिप्परग्याचे ते मास्तर आपल्याला आठवावेत. आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या, आपल्या वस्तीवरच्या एका तरी मुलीचे शाळेतून नाव निघू दिले नाही, एका तरी म्हाताऱ्याला त्याचा कागद वाचून दाखवला, तर स्वामीजींच्या शाळेतले एक बाक आपणही चालवले असे होईल. मी माझ्या धाकट्या चुलत बहिणीपासून सुरुवात केली आहे. ती सातवीत आहे आणि तिचे गणित कच्चे आहे.